जयपूरच्या जोहरी बाजारातलं पाचूचं दुकान: तेलाबद्दल स्वतःहून बोलणारा दुकानदार

सुरुवातीलाच सांगते, दुकानाचं नाव इथं देत नाहीये. घरगुती पेढी आहे, बाप-लेक दोघंच बसतात, बहुतेक गिऱ्हाईक ओळखीतून येतं आणि त्यांनीच विनंती केली की नाव ऑनलाईन नको. पण तिथं ज्या पद्धतीनं माल दाखवला ते लिहायलाच हवं असं वाटलं, कारण पाचू घेताना फसलेली माणसं आमच्याच नात्यात आहेत आणि प्रत्येकाची गोष्ट साधारण तीच, दुकानदार म्हणाला एकदम नॅचरल आहे आणि तेवढ्यावर यांनी पैसे मोजले. सोन्याला निदान हॉलमार्क असतो, खड्याला असं काही नसतं, त्यामुळं समोर बसलेला माणूस काय सांगतो आणि बिलावर काय लिहितो यावरच सगळं ठरतं.

आम्हाला दोन गोष्टी घ्यायच्या होत्या. सासूबाईंना बुधासाठी पाचूची अंगठी करायची होती, त्यांच्या ज्योतिषांनी चिठ्ठीवर लिहून दिलं होतं, सोन्यात, करंगळीत, बुधवारी घालायची, खाली कोंदण उघडं म्हणजे खडा कातडीला टेकला पाहिजे. आणि भाचीच्या लग्नात मामीकडून काहीतरी नेहमी वापरता येईल असं द्यायचं होतं, तिला फिका निळा रंग आवडतो म्हणून ॲक्वामरीन डोक्यात होता. आता गंमत बघा, हे दोन्ही खडे एकाच खनिजाचे आहेत, बेरिलचे, हे मला माहीत होतं कारण कॉलेजात जिऑलॉजी होतं, पण घरात कोणाचा विश्वास बसेना की हिरवागार पाचू आणि पाण्यासारखा निळा खडा एकच दगड कसा काय. हे पुढं सांगते, त्या दुकानात ते फार छान बघायला मिळालं.

जोहरी बाजार म्हणजे हवामहलजवळच्या बडी चौपडपासून सांगानेरी गेटपर्यंत सरळ जाणारा रस्ता. दर्शनी शोरूम सगळ्या तिथं आहेत, एसी, काचेची कपाटं, कुंदनचे सेट, ते बघायला सुंदर आहे पण सुट्या खड्यांचा खरा व्यवहार आतल्या गल्ल्यांत चालतो, गोपाळजी का रास्ता नावाची गल्ली आहे तिथं तर रस्त्यात उभे राहून दलाल लोक कागदाच्या पुड्या उघडून एकमेकांना खडे दाखवत असतात, स्कूटर मध्येच घुसतात, चहावाला मधून जातो आणि त्या पुडीत लाखो रुपयांचा माल असू शकतो. पाचूला पैलू पाडण्याचं जगातलं फार मोठं केंद्र म्हणजे हे शहर. खाण आफ्रिकेत, दक्षिण अमेरिकेत कुठंही असो, रफ म्हणजे न घासलेला कच्चा खडा इथं येतो, घासला जातो आणि परत जगभर जातो. म्हणून मुंबईत झवेरी बाजारात न घेता मुद्दाम इथं आलो, भाव थोडा बरा मिळतो हे एक आणि निवडायला माल प्रचंड असतो हे महत्त्वाचं.

या दुकानाआधी एका मोठ्या शोरूममध्ये गेलो होतो, तिचंही नाव देत नाही. तिथल्या सेल्समननं एक मस्त हिरवा खडा दिव्याखाली ठेवला, मी विचारलं तेल आहे का (पाचूतल्या भेगा दिसू नयेत म्हणून त्यात तेल भरतात), तर म्हणाला अजिबात नाही मॅडम, आमच्याकडं तेलवाला माल येतच नाही. मग मी म्हटलं लॅबमध्ये दाखवून घेऊ या का, रिपोर्टचे पैसे आम्ही देतो, तर लगेच स्वर बदलला, आमचं स्वतःचं सर्टिफिकेट आहे, लॅबची गरज काय, आणि मॅनेजर येऊन डिस्काउंट सांगायला लागला. तिथून उठलो. जो माणूस म्हणतो आमच्या कुठल्याच पाचूत तेल नाही तो एकतर अडाणी आहे किंवा खोटं बोलतोय, कारण बाजारातल्या बहुसंख्य पाचूंत थोडंफार तेल असतंच, जगभर असतं, शेकडो वर्षं चालत आलेली पद्धत आहे. बिनतेलाचा आणि तरी स्वच्छ असा पाचू मिळतो पण तो इतका दुर्मिळ आणि महाग की असा सहज ट्रेमध्ये पडलेला नसतो.

आणि याच्या बरोबर उलट अनुभव या छोट्या दुकानात आला. जिना चढून वर जायचं, छोटी खोली, खाली पांढरी गादी, उत्तरेकडची मोठी खिडकी. काकांनी पाणी दिलं, चहा सांगितला, काय बजेट वगैरे विचारायच्या आधी पहिली पुडी उघडली आणि म्हणाले, "बहनजी, इसमें तेल है, ये मीडियम है, और ये दूसरी पुड़िया में कम है, दोनों देख लीजिए." मी काहीच विचारलं नव्हतं! त्या एका वाक्यावर मी ठरवलं की घेतलं तर इथूनच.

मग त्यांनी लूप हातात दिलं, दहापट मोठं दाखवणारं, आणि चिमट्यात खडा कसा धरायचा ते सासूबाईंनाही शिकवलं. पाचूच्या आत बघितलं की बारीक भेगा, जाळी, ढगासारखे पुंजके, द्रवाचे इवलेसे थेंब असं सगळं दिसतं. फ्रेंच लोक याला खड्यातली बाग म्हणतात. कोलंबियाच्या काही खड्यांत तर एका छोट्याशा पोकळीत खारं पाणी, त्यात वायूचा बुडबुडा आणि मिठाचा चौकोनी स्फटिक असं तिन्ही एकत्र अडकलेलं असतं. आता या भेगा वरपर्यंत आलेल्या असतील तर त्यात हवा शिरते, हवेमुळं प्रकाश भेगेवरून परत फिरतो आणि पांढरी रेघ चमकते. त्यात सीडरचं तेल भरलं, की तेलातून प्रकाश जवळजवळ पाचूतून जातो तसाच जातो, म्हणून रेघ दिसेनाशी होते, ओरखडे पडलेली काच ओली केली की कशी स्वच्छ दिसते तसं. भेग तिथंच असते, फक्त दिसत नाही. म्हणून तेल किती आहे यावर भाव ठरतो, लॅबवाले साधारण काहीच नाही, कमी, मध्यम, जास्त अशा पायऱ्या लिहितात. रंगहीन तेल बाजारात मान्य आहे पण हिरवा रंग घातलेलं तेल भरलं तर ती सरळ फसवणूक, कारण मग तुम्ही रंगाचे पैसे तेलाला देताय. तिसरा प्रकार म्हणजे रेझिन, ते भेगेत जाऊन जास्त टिकतं पण काढायला कटकट, काही वर्षांनी पिवळट पडू शकतं. काकांनी एक असा जुना रेझिनवाला खडा मुद्दाम शिकवायला ठेवलेला आहे, विकायला नाही, तो लूपखाली दाखवला, भेगेत पिवळसर झाक स्पष्ट दिसते. असं कोण दाखवतं सांगा.

पाचूत एवढ्या भेगा का असतात याचं कारण मला फार आवडतं म्हणून थांबून लिहिते. बेरिल तयार व्हायला बेरिलियम लागतं, ते ग्रॅनाईटसारख्या खडकाच्या शेवटच्या रसात जमा होतं. आणि हिरवा रंग यायला क्रोमियम किंवा व्हॅनेडियम लागतं, क्रोमियम असतं ते अगदी वेगळ्या काळपट, मॅग्नेशियमवाल्या खडकांत. म्हणजे ही दोन मूलद्रव्यं निसर्गात सहसा एकमेकांच्या वाटेला जात नाहीत. झांबियासारख्या ठिकाणी पृथ्वीच्या पोटात उलथापालथ होऊन ग्रॅनाईटचा गरम रस त्या काळपट खडकात घुसला आणि तिथं दोघांची भेट झाली, अशा धक्क्याधक्कीत वाढलेला स्फटिक अभंग कसा राहणार. ॲक्वामरीन मात्र पेग्मटाईटच्या, म्हणजे त्याच शेवटच्या रसातून गोठलेल्या मोठ्या स्फटिकांच्या खडकाच्या, पोकळीत निवांत वाढतो, म्हणून तो मोठा आणि आरपार स्वच्छ मिळतो. त्यामुळं ॲक्वामरीन घेताना भेगा दिसल्या तर मी नाही म्हणेन, पण पाचू अगदी काचेसारखा स्वच्छ आणि वर स्वस्त असेल तर मी जास्त घाबरेन, तो बहुतेक लॅबमध्ये वाढवलेला किंवा सरळ काच असणार. लॅबमधला पाचू काही खोटा नव्हे, रसायन तेच असतं, १९३० च्या दशकात अमेरिकेत कॅरोल चॅटमनं तो बनवायची पद्धत बसवली तेव्हापासून मिळतो, पण तो तसं सांगून त्या भावात विकायला पाहिजे. हे बेरिलियम मूलद्रव्यसुद्धा सापडलं ते याच दगडात, १७९८ मध्ये व्होकलाँ नावाच्या फ्रेंच रसायनतज्ज्ञाला, आणि पाचूचा हिरवा रंग क्रोमियमचा आहे हेही त्यानंच दाखवलं, क्रोमियम त्यानं आदल्याच वर्षी शोधलं होतं.

आपल्या महाराष्ट्रात बेरिल का मिळत नाही असं नवऱ्यानं विचारलं. सह्याद्रीचा काळा बेसॉल्ट आहे ना, त्याच्या पोकळ्यांत झिओलाईट नावाची खनिजं मिळतात, पुण्याच्या पाषाणचा हिरवा ॲपोफिलाईट तर जगभरचे संग्राहक शोधत असतात, पण तो मऊ असतो, अंगठीत टिकत नाही. बेरिलला पेग्मटाईट लागतो, तो राजस्थान, झारखंड, आंध्र, तमिळनाडू इकडं. काकांकडं एक पुडी राजस्थानच्याच पाचूची होती, अजमेर-उदयपूर पट्ट्यात १९४० च्या दशकात सापडलेल्या खाणींतला जुना माल, रंग चांगला पण आतून फार भरलेला, त्याचे त्यांनी मणी केलेत. मणी मला खूप आवडले होते पण बजेट संपलं.

मग पुड्या एकामागून एक. झांबियाचा पाचू किंचित निळसर हिरवा, कारण त्यात लोह जास्त असतं. कोलंबियाचा मुझो भागातला गडद, उबदार हिरवा, बघितल्यावर डोळा हलतच नाही, भावही तसाच. ब्राझीलचा जरा फिका. काका म्हणाले देशाच्या नावाचे पैसे देऊ नका, रंग, पाणी आणि तेल बघा, आणि मला हे शंभर टक्के पटतं, कोलंबियाचा घाणेरडा खडा हा घाणेरडाच असतो. तरी कोलंबियाच्या पाचूला आपल्याकडं जो मान आहे त्याला इतिहास आहे, सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी तिथल्या खाणी ताब्यात घेतल्या आणि तो माल पोर्तुगिजांच्या हातून गोव्यात उतरायचा, गोव्यातून दख्खनच्या सुलतानांकडं आणि मुघलांकडं. म्हणजे बादशहाच्या गळ्यातला पाचू अर्ध्या जगाला वळसा घालून आपल्या मांडवीच्या काठावरून गेलेला असायचा. मुघल पाचू म्हणून जो प्रसिद्ध आहे, २१७.८० कॅरेटचा, एका बाजूला कोरलेली प्रार्थना आणि दुसऱ्या बाजूला फुलं, त्यावर हिजरी ११०७ म्हणजे इसवी सन १६९५-९६ ची तारीख आहे, तोही कोलंबियाचाच. २००१ मध्ये लंडनला त्याचा लिलाव झाला. काकांकडं नव्या कोरीव कामाचे दोन छोटे पाचू होते, एका पानावर वेल, तसलं काम करणारे कारीगर अजून शहरात आहेत हे ऐकून फार बरं वाटलं.

आता तो ट्रे. मुलानं आतून एक लाकडी ट्रे आणला, त्यात फक्त बेरिल, वेगवेगळ्या रंगांचे. पहिला पूर्ण रंगहीन, गोशेनाईट. शुद्ध बेरिल हा असा पाण्यासारखा असतो, रंग सगळे बाहेरून शिरलेल्या चिमूटभर धातूंचे. त्याच्या शेजारी ॲक्वामरीन, लोहामुळं निळा. मग सोनेरी हेलिओडोर, तोही लोहामुळंच पण लोहाचं रूप वेगळं. मग गुलाबी-पीच मॉर्गनाईट, मँगनीजमुळं, मादागास्करला सापडला तेव्हा १९१० च्या सुमारास न्यूयॉर्कच्या कुन्झ या रत्नतज्ज्ञानं बँकर जे. पी. मॉर्गनचं नाव दिलं, आणि शेवटी पाचू. पाच खडे एका ओळीत, वजन सगळ्यांचं जवळपास सारखं, आणि मुलगा सांगतोय की सगळ्यांचा सांगाडा एकच, बेरिलियम, ॲल्युमिनियम, सिलिका, षटकोनी स्फटिक. एक रफ स्फटिकही ठेवला होता, सरळ सहा बाजूंचा खांब, सासूबाई तो हातात घेऊन बराच वेळ बघत होत्या, माणसानं घासलेला नाहीये हे त्यांना खरंच वाटेना. लाल बेरिल नाही का विचारलं तर मुलगा म्हणाला आयुष्यात एकदाच हातात घेतलाय, तो अमेरिकेत युटा राज्यातच रत्नाच्या दर्जाचा मिळतो आणि पैलू पाडलेला एक कॅरेटच्या वरचा दुर्मिळ. नाही ते नाही म्हणाला, लाल गार्नेट काढून दाखवला नाही. मला हा ट्रे इतका आवडला की खरं तर प्रत्येक दुकानात असा असायला हवा, गिऱ्हाईकाला पाच मिनिटांत जे कळतं ते तासभर बोलून कळत नाही.

ॲक्वामरीनचं. इथं फसवणुकीचा मुख्य रस्ता म्हणजे निळा टोपाझ, जो किरणोत्सार आणि उष्णता देऊन ढिगानं तयार होतो आणि खूप स्वस्त असतो. रंगावरून ओळखणं सोपं नाही, पण टोपाझ जड असतो, त्याची घनता साधारण ३.५ आणि बेरिलची २.७, म्हणजे त्याच आकाराचा टोपाझ काट्यावर बराच जास्त भरतो. आणि रिफ्रॅक्टोमीटरवर, म्हणजे खड्यात शिरताना प्रकाश किती वळतो ते मोजणाऱ्या यंत्रावर, बेरिल १.५७-१.५८ च्या आसपास दाखवतो, टोपाझ १.६१-१.६२. मुलानं दोन्ही खडे यंत्रावर ठेवून आकडा आम्हाला वाचायला लावला, माझ्या नवऱ्यानं स्वतः वाचला. शिवाय ॲक्वामरीन फिरवून डायक्रोस्कोपमधून, म्हणजे खड्याचे दोन दिशांचे रंग वेगळे दाखवणाऱ्या छोट्या नळीतून, बघितला की एका दिशेला निळा आणि दुसऱ्या दिशेला जवळजवळ रंगहीन दिसतो, म्हणून कारीगर रफ कसा धरून कापतो यावर रंग ठरतो, चुकीच्या दिशेनं कापला तर चांगला रफ वाया. आम्ही घेतला तो ४.६ कॅरेटचा, लंबगोल, फिका पण स्वच्छ निळा, हिरवट झाक नाही. कॅरेटला साडेचार हजार पडला. याहून गडद होता पण तो कॅरेटला दुपटीच्या वर. एक खूपच गडद निळा खडा ऑनलाईन मी बघून ठेवला होता, त्याचा फोटो दाखवला तर काका म्हणाले असल्या शाईसारख्या निळ्या बेरिलपासून लांब राहा, मॅक्सिक्स प्रकार असू शकतो, तो रंग किरणोत्सारानं येतो आणि उन्हात उडून जातो. हे मी वाचलेलं होतं, दुकानदाराच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं.

मॉर्गनाईटवर भाचीचा जीव जडला होता व्हिडिओ कॉलवर, गुलाबी अंगठ्यांची सध्या फॅशन आहे. पण जो परवडत होता तो इतका फिका होता की सोन्यात बसवल्यावर पांढराच दिसला असता, मी नको म्हटलं. मॉर्गनाईटला रंग हवा असेल तर मोठा खडा घ्यावा लागतो, छोट्यात रंग भरतच नाही.

सासूबाईंचा पाचू निवडताना खरी ओढाताण झाली. ज्योतिषांनी चिठ्ठीत सव्वापाच रत्ती लिहिलं होतं. आता रत्तीचं माप दुकानागणिक बदलतं हे लक्षात ठेवा, कच्ची, पक्की, कोण काय धरेल सांगता येत नाही, कॅरेट मात्र जगभर ०.२ ग्रॅमच, म्हणून भाव आणि बिल दोन्ही कॅरेटमध्येच करून घ्या. सव्वापाच रत्तीत आमच्या बजेटला जे बसत होते ते खडे दुधाळ आणि भेगांनी भरलेले, तेल भरपूर. त्याच पैशात ३.१ कॅरेटचा झांबियाचा, रंग सुरेख, तेल मध्यम, वरच्या पृष्ठभागावर आलेली भेग फक्त एका कडेला. कॅरेटला २८ हजार, म्हणजे एकूण ८६,८००. काकांनी कुठलाच खडा पुढं ढकलला नाही, म्हणाले माताजी, श्रद्धा तुमची, वजन तुमच्या गुरुजींना विचारा. सासूबाईंनी तिथूनच ज्योतिषांना फोन लावला, ते म्हणाले खडा निर्दोष आणि तेजस्वी असणं जास्त महत्त्वाचं, तीन कॅरेट चालेल. ज्यांची यावर श्रद्धा आहे त्यांनी हे आधीच विचारून जावं, दुकानात बसून फोन करायला लागू नये. आणि माझं स्वतःचं मत असं की वजनाच्या आकड्यासाठी मेलेल्या रंगाचा खडा आयुष्यभर हातात घालण्यात काही अर्थ नाही.

लॅबचा विषय मी काढला तर काकांनीच सांगितलं की आधी लॅब, मग पैसे. खडा त्यांनी जंगडवर दिला, म्हणजे चिठ्ठी करून माल आमच्या ताब्यात, पैसे नंतर. शहरात रत्न निर्यात परिषदेनं १९७२ मध्ये सुरू केलेली प्रयोगशाळा आहे, देशातली या प्रकारची पहिली, आता नाव बदललंय पण बाजारात कोणालाही विचारलं तरी पत्ता सांगतात. मुलगा स्वतः बरोबर आला. रिपोर्टवर खनिज नॅचरल बेरिल, व्हरायटी एमराल्ड, आणि खाली शेऱ्यात तेलाचं प्रमाण मध्यम असं आलं, म्हणजे काकांनी पुडी उघडताना जे सांगितलं होतं तेच. रिपोर्ट वाचताना लोक फक्त वरची ओळ बघतात आणि खूश होतात, पण पैसे सगळे त्या खालच्या शेऱ्यात आहेत, तो आधी वाचा. आणि रिपोर्टमधलं वजन-माप आपल्या खड्याशी जुळतंय ना तेही बघा, रिपोर्ट एका खड्याचा आणि हातात दुसराच असं होऊ शकतं.

अंगठीचं कोंदण त्यांच्याच ओळखीच्या कारीगराकडून करून घेतलं. पाचूचा कडकपणा साडेसात ते आठ, म्हणजे ओरखडा सहज पडत नाही, पण ठोसा बसला तर भेगेवरून टवका उडतो, त्यामुळं चारही कोपरे झाकणारं जाड कोंदण सांगितलं आणि डाग देण्याचं काम खडा बसवायच्या आधी उरकायला लावलं, कारण बर्नरच्या आचेनं तेल निघून जातं आणि सगळ्या भेगा उघड्या पडतात. कारीगराला हे माहीत होतंच पण काकांनी आमच्यासमोर परत बजावलं. काम सुबक झालंय, खाली उघडं आहे, खडा कातडीला टेकतो, सासूबाई खूश.

तक्रारीच्या गोष्टीही आहेत. अंगठी ठरलेल्या दिवशी मिळाली नाही, आमची ट्रेन निघून गेली, शेवटी विमा केलेल्या कुरिअरनं घरी मागवावी लागली आणि कुरिअरचे अर्धे पैसे आम्ही दिले, ते त्यांनी पूर्ण द्यायला हवे होते असं मला वाटतं. जिना अरुंद आणि उंच पायऱ्यांचा, सासूबाईंना गुडघ्याचा त्रास आहे, फार हाल झाले, ज्येष्ठांना घेऊन जाणार असाल तर आधी फोन केला तर ते खाली शेजारच्या दुकानात बसून माल दाखवतात, हे आम्हाला नंतर कळलं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, पाचूच्या ओळीत तेल मध्यम असं बिलावर स्वतःहून लिहिलं पण ॲक्वामरीनच्या ओळीत फक्त नॅचरल. तापवलाय का विचारलं तर लगेच हो म्हणाले, हिरवट झाक घालवायला साधारण चारशे अंशाला तापवतात, बहुतेक सगळाच माल तसा असतो, रंग कायमचा टिकतो आणि लॅबलाही ते ओळखता येत नाही. हे सगळं खरं आहे आणि बाजारात त्यावर कोणी आक्षेपही घेत नाही, पण लॅबला ओळखता येत नाही म्हणूनच तर बिलावर लिहायला पाहिजे ना, गिऱ्हाईकाला दुसरीकडून कळायचा मार्गच नाही. मी सांगितल्यावर पेनानं लिहून सही करून दिलं. पण मी विचारलं म्हणून, यासाठी अर्धा स्टार कापते, पाचपैकी साडेचार.

जाणाऱ्यांसाठी एवढंच की दिवसाउजेडी जा, खिडकीपाशी खडा बघा, मग पिवळ्या बल्बखाली बघा आणि मग सावलीत, तिन्हीकडं रंग आवडला तरच घ्या, शोरूमच्या स्पॉटलाईटखाली सगळंच सुंदर दिसतं. रविवारी बरीच दुकानं बंद असतात. घरी आल्यावर पाचूची अंगठी अल्ट्रासॉनिक मशीनमध्ये किंवा वाफेनं साफ करायला कोणालाही देऊ नका, गल्लीतला सराफ प्रेमानं फुकट करून देतो म्हणाला तरी नको, कोमट पाणी, मऊ कापड बास. भांडी घासताना, पोळ्या लाटताना काढून ठेवायची. काही वर्षांनी खडा कोरडा, रेघाळ दिसायला लागला तर घाबरू नका, तेल सुकलेलं असतं, परत भरता येतं आणि या दुकानात त्यांच्याकडून घेतलेल्या खड्याला ते काम फुकट करून देतात, तसं त्यांनी बिलाच्या मागं लिहून दिलंय, येण्याजाण्याचं कुरिअर आपलं.